सीटपोस्ट ढिला बसतोय? क्लॅम्प आवळण्याआधी माप घ्या

इंदुरात सायकल स्वतः जुळवणाऱ्यांची खरेदी साधारण अशी होते: फ्रेम ऑनलाइन मागवलेली किंवा जुनी स्टीलची रंगवून घेतलेली, सीटपोस्ट (सीट धरणारा दांडा) दुसऱ्याच सायकलीचा, त्याला आवळून धरणारं कडं म्हणजे क्लॅम्प तिसऱ्या दुकानातला. सगळं जोडून होतं, फोटोही निघतो, आणि पहिल्याच गतिरोधकावर सीट दोन बोटं खाली जाते. मग क्लॅम्प आणखी आवळला जातो. दोन दिवसांनी बोल्टचे आटे जातात किंवा सीट ट्यूबचं, म्हणजे पोस्ट ज्या नळीत शिरतो तिचं, तोंड चेपतं. सीट मात्र सरकतच राहते.

क्लॅम्पचं काम बरोबर मापाचा पोस्ट धरून ठेवणं एवढंच आहे, फट बुजवणं नाही. म्हणून आधी काय हलतंय ते शोधा, मग माप घ्या, मग काय करायचं ते ठरवा. पाना सगळ्यात शेवटी.

हाताशी काय हवं

- 0.02 मिमीपर्यंत वाचणारा स्टीलचा व्हर्नियर किंवा डिजिटल कॅलिपर. प्लास्टिकचा स्वस्त व्हर्नियर इथे निरुपयोगी, कारण सगळी भांडणं 0.2 मिमीची आहेत.
- 4 आणि 5 मिमीच्या एलन की, शक्यतो लांब दांड्याच्या
- टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना (नसेल तर सामान तोलायचा हुकवाला काटा, पुढे सांगितलं आहे)
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकी, 400 नंबरचा पॉलिश पेपर, छोटी अर्धगोल कानस
- लिथियम ग्रीस. पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट
- टॉर्च, स्टीलची पट्टी, कागदी चिकटपट्टी

1. नेमकं काय हलतंय ते ओळखा

पोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे त्याला चिकटपट्टीचा एक वेढा द्या, पट्टीची खालची कड क्लॅम्पला टेकलेली ठेवा. पट्टीवर आणि क्लॅम्पवर मिळून पेनाने एक उभी रेघ ओढा. आता सीटवर बसून घराजवळच्या खडबडीत गल्लीत पाचेक मिनिटं फिरून या.

पट्टी क्लॅम्पवर चुरगळली असेल तर पोस्ट खाली सरकतोय. रेघ तुटली असेल तर तो फिरतोय. दोन्ही जागच्या जागी आहेत, पण सीट धरून पुढे-मागे केल्यावर खालून टकटक जाणवते, तर पोस्ट ट्यूबच्या आत डुगडुगतोय. हा सगळ्यात वाईट प्रकार. यात क्लॅम्पने वरचं तोंड तेवढं घट्ट धरलेलं असतं आणि पोस्टचं खालचं टोक मोकळं असतं.

आणि सीटचं फक्त नाक वर-खाली होत असेल तर पोस्टला दोष देऊ नका. सीटच्या सळया धरणारा वरचा क्लॅम्प सैल आहे किंवा त्याचे दाते झिजले आहेत. साध्या सीट पिनवर (वर स्वतःचा क्लॅम्प नसलेल्या साध्या पोस्टवर) बसणाऱ्या जुन्या धाटणीच्या सीटमध्ये तर बहुतेक वेळा हेच निघतं. तो दोष असेल तर पुढचं काही करायची गरज नाही.

2. पोस्ट काढा, दोन्ही भाग पुसून कोरडे करा

क्लॅम्प पूर्ण सैल करून पोस्ट वर ओढा. अडला तर किंचित फिरवत काढा, हातोडी नको. पोस्ट आणि ट्यूबची आतली बाजू अल्कोहोलने पुसा. ट्यूबमध्ये फडकं लांब काडीला गुंडाळून घाला आणि निदान 12-15 सेंमी खोलवर फिरवा.

फ्रेम नव्याने पावडर कोट केली असेल तर इथे थांबून आत टॉर्च मारा. रंगवणाऱ्याने तोंड झाकलेलं नसतं, त्यामुळे आतही पावडर जाते. तिचा थर एका बाजूला 0.06 ते 0.1 मिमी धरला, तरी व्यासात 0.12 ते 0.2 मिमीचा फरक पडतो. परिणाम फसवा असतो: पहिल्या दिवशी पोस्ट घट्ट बसतो, आठवड्याभरात पावडर घासून निघते आणि तोच पोस्ट ढिला होतो. म्हणून आतला रंग आधी पॉलिश पेपरने काढा आणि मगच माप घ्या. ट्यूबच्या तोंडाला मागून एक उभी चीर असते; त्या चिरेच्या कडांवर जमलेला रंग आणि धातूची कुसळं कानशीने साफ करा. धातू मात्र खरवडू नका.

> थांबा. चिरेच्या खालच्या टोकाला एक गोल भोक असतं. तिथून निघालेला केसाएवढा तडा दिसतोय का, ते बघा. रंगाला गेलेली रेघ आणि धातूतला तडा यांत फरक करता येत नसेल तर तिथला रंग थोडा खरवडून पाहा. तडा असेल तर ती फ्रेम आता वेल्डरची. सीटपोस्टचा विषय तिथेच संपला.

3. माप घ्या, आणि बरोबर जागी घ्या

बहुतेक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई नको.

पोस्टचं माप सोपं आहे. किमान खोलीच्या रेघेजवळ (पोस्ट निदान तिथपर्यंत आत हवा) आकडा कोरलेला किंवा छापलेला असतो: 27.2, 30.9, 31.6 वगैरे. तरीही कॅलिपरने तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं मोजा. 27.2 चा पोस्ट 27.1 च्या थोडा वर भरला तर ठीक. 27.0 किंवा 26.8 भरला तर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. साध्या सीट पिनची वरची बाजू, जिथे सीटचा क्लॅम्प बसतो, बारीक असते: 22.2 मिमी, म्हणजे पाऊण इंचाहून एक सूत जास्त, 7/8 इंच. तिथे मोजून माप सांगणारे दरवर्षी भेटतात. माप फ्रेममध्ये जाणाऱ्या जाड भागाचं घ्यायचं.

फ्रेमचं माप अवघड आहे, त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, बाहेरून मोजलेला आकडा पोस्टचा नसतो. जुन्या धाटणीच्या स्टील फ्रेमची सीट ट्यूब बाहेरून 28.6 मिमी भरते आणि तिच्यात पोस्ट 27.2 च्या आसपासचा लागतो. बाहेरचा आकडा क्लॅम्प घेताना लागतो, पोस्ट घेताना नाही.

दुसरं, तोंडाशी घेतलेलं माप खोटं बोलतं. क्लॅम्प आधी आवळला गेला असेल तर तोंड आत चेपलेलं असतं. कुणी जाड पोस्ट ठोकून घातला असेल तर ते फाकलेलं असतं. खरं माप चिरेच्या खाली आहे, पण नेहमीच्या 150 मिमीच्या कॅलिपरचे आतले जबडे दीड सेंमीच्या पलीकडे जात नाहीत.

तिसरं, चीर मागे असते. पुढून-मागे मोजायला गेलात तर एक जबडा चिरेत पडतो. त्यामुळे आडवं एक आणि तिरपी दोन अशी मापं घ्या. जबडे ट्यूबच्या आत गोल दिशेने थोडे हलवून सर्वात मोठा आकडा घ्या. वर-खाली कलते राहिले तर आकडा उगाच वाढतो, तेव्हा त्या दिशेत सर्वात छोटा आकडा खरा. आणि जबडे पूर्ण धारदार नसल्यामुळे ते गोल भिंतीवर किंचित कमी दाखवतात, हेही धरून चाला.

म्हणून कॅलिपरचा आकडा हा अंदाज समजा. पक्का निकाल देतो तो पोस्टच. माहितीच्या सायकल दुकानात फ्रेम घेऊन जा आणि 26.8, 27.0, 27.2 असे खात्रीच्या मापाचे पोस्ट एकामागून एक, कोरडे, क्लॅम्पशिवाय घालून पाहा. मापं 0.2 मिमीच्या पायरीने चढतात. जो सर्वात जाड पोस्ट हाताच्या जोराने, न ठोकता, 10 सेंमी आत जातो आणि वरचं टोक हलवल्यावर डुगडुगत नाही, तो तुमचा. दुकानदार «चल जाएगा भिया» म्हणून हाताशी असलेला देऊ लागला, तर हसून नको म्हणा. 0.2 मिमी डोळ्यांना दिसत नाही, पण चालवताना पहिल्या खड्ड्यात कळतं.

> तपासा. आडव्या आणि तिरप्या मापांत 0.2 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ट्यूब लंबगोल झाली आहे. अशा ट्यूबमध्ये नवा पोस्टही नीट बसत नाही. आधी फ्रेम बनवणाऱ्याकडून ती गोल करून घ्या.

4. फटीचा हिशेब करा

फ्रेमचं आतलं माप वजा पोस्टचं माप म्हणजे व्यासातली फट. तिला 3.14 ने गुणा. पोस्टला सगळीकडून मिठी बसायला ट्यूबचा घेर, म्हणजेच मागची चीर, तेवढी मिटावी लागते.

0.2 मिमी फट असेल तर चीर 0.6 मिमी मिटते. 0.4 असेल तर जवळजवळ सव्वा मिलिमीटर. आणि नव्या सायकलींमध्ये सर्रास होणारी चूक, 31.6 च्या फ्रेममध्ये 30.9 चा पोस्ट: फट 0.7, चीर मिटायला हवी 2.2 मिमी. चीरच मुळात दोन-तीन मिलिमीटरची असते! त्यात ती वरच्या तोंडाशी मिटते आणि खालच्या भोकाशी तशीच राहते, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षर उलटं धरल्यासारखी दिसते. क्लॅम्प आवळल्यावर चिरेच्या दोन कडा समांतर राहिल्या नाहीत, वर मिटून खाली उघड्या राहिल्या, तर पोस्ट बारीक आहे. मोजायला काहीच हाताशी नसेल तर एवढी एक खूण पुरते.

30.9 आणि 31.6 चा घोळ इतका होतो कारण दोन्ही फ्रेम बाहेरून बऱ्याचदा सारख्याच, 34.9 मिमीच्या असतात आणि क्लॅम्पही तोच बसतो. म्हणून क्लॅम्पच्या आकड्यावरून पोस्टचं माप काढू नका.

5. आता ठरवा: बदलायचा, की शिम घालायची

फट 0.1 मिमीपर्यंत: हे बरोबर माप. सरकत असेल तर दोष क्लॅम्पमध्ये किंवा जोडणीत आहे. थेट टप्पा 7 कडे जा.

फट 0.2 मिमी: शक्य असेल तर पोस्टच बदला. स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये थंड पेयाच्या ॲल्युमिनियम कॅनची शिम, म्हणजे पोस्ट आणि ट्यूबमधली फट भरणारं पातळ अस्तर, चालते. तिला हसू नका. कॅनची भिंत साधारण 0.1 मिमीची असते, त्यामुळे एका वेढ्याने व्यासात बरोबर 0.2 मिमी भर पडते. पण ती अशी करायची:

- कॅनच्या सरळ भागातून पोस्ट जितका आत जाणार तितक्या लांबीचा, 9-10 सेंमी तरी, तुकडा कापा. हातमोजे घाला, कडा ब्लेडसारख्या असतात.
- रुंदी पोस्टच्या घेरापेक्षा 2-3 मिमी कमी ठेवा. 27.0 च्या पोस्टचा घेर 84.8 मिमी येतो, म्हणजे पट्टी 82 मिमीची. टोकं एकमेकांवर चढली की एका बाजूला दुप्पट जाडी होते आणि पोस्ट तिरपा बसतो.
- वरच्या कडेला 5 मिमीच्या तीन-चार छोट्या जिभा सोडा आणि बाहेर दुमडा. नाहीतर शिम पहिल्याच वेळी ट्यूबमध्ये गायब होते.
- उरलेली 2-3 मिमीची फट फ्रेमच्या चिरेसमोर ठेवा.

दोन वेढे देऊन 0.4 भरायला जाऊ नका. दोन थर एकमेकांवर सरकतात आणि करकर सुरू होते. तेवढ्या फटीला 0.2 मिमी जाडीची पितळी शिमची पट्टी बरी. सियागंजात टूल्सच्या दुकानांत विचारून पाहा. पितळ आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना खातात, त्यामुळे तिथे ग्रीसचा कंजूषपणा करू नका.

फट 0.5 ते 1 मिमी: पोस्ट बदला. 0.7 च्या फटीला तयार शिम घातली तरी तिची भिंत 0.35 मिमीची, म्हणजे कागदासारखी येते. लेथवर ती नीट निघत नाही, आणि नवा पोस्ट या खटाटोपापेक्षा स्वस्त पडतो.

फट 2 मिमीच्या पुढे, उदाहरणार्थ 30.9 किंवा 31.6 च्या फ्रेममध्ये 27.2 चा पोस्ट: इथे शिम हा रीतसर उपाय आहे. 27.2 ते 31.6 ला भिंत 2.2 मिमीची, 27.2 ते 30.9 ला 1.85 ची. तयार मिळते. नाही मिळाली तर सांवेर रोड किंवा पोलोग्राउंडच्या औद्योगिक भागात लेथवाल्याकडून काढून घ्या. त्याला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या: ॲल्युमिनियम, लांबी 100 मिमी, वरती 3 मिमीची कॉलर (तिच्यामुळे शिम आत घसरत नाही), आतला व्यास पोस्टच्या मोजलेल्या मापापेक्षा 0.05 जास्त, बाहेरचा व्यास ट्यूबच्या मापापेक्षा 0.05 कमी, पूर्ण लांबीभर 2 मिमीची एक चीर, सगळ्या कडा बोथट. पोस्ट आणि फ्रेम दोन्ही त्याच्या टेबलावर ठेवून या. टर्नरला आकड्यापेक्षा प्रत्यक्ष वस्तूवर जास्त भरवसा असतो, आणि तो बरोबरच आहे.

> हे घालू नका: पीव्हीसी पाइपचा तुकडा, चाकातली रबरी ट्यूब, इन्सुलेशन टेप, सुतळी, पुठ्ठा. सगळे दाबाखाली बसतात. मेच्या उन्हात सायकल उभी राहिली की पीव्हीसी आणखी मऊ पडतं. पोस्टला पॉलिश पेपरने खरखरीत करणं हाही उपाय नाही. त्याने तो आणखी बारीक होतो.

कार्बन फ्रेम असेल तर घरची कोणतीही शिम नको. कॅनची कड आतून कार्बनचे धागे कापते. बरोबर मापाचा पोस्ट घ्या किंवा फ्रेम बनवणाऱ्या कंपनीने मान्य केलेली शिम घाला.

6. खोली: दोन अटी, मोठी ती पाळा

पोस्टवर किमान खोलीची रेघ असते. ती क्लॅम्पच्या वर दिसता कामा नये. ही पोस्टची अट. फ्रेमची अट वेगळी आहे आणि लोक ती विसरतात: पोस्टचं खालचं टोक वरच्या नळीच्या (टॉप ट्यूबच्या) वेल्डच्या खाली गेलं पाहिजे. सीट ट्यूब वेल्डच्या वर बरीच निघालेली असेल तर पोस्टची रेघ झाकली जाते, पण टोक वेल्डच्या वरच अडकून राहतं, आणि सगळा भार ट्यूबच्या त्या उंच तोंडावर येतो. पट्टीने बाहेरून मोजून घ्या. शिम असेल तर तिलाही हीच अट. आखूड शिमच्या खालच्या कडेवर पोस्ट तरफेसारखा टेकतो आणि डुगडुग परत येते.

पोस्ट खाली जाताना मध्येच अडला तर ठोकू नका. बहुधा बाटलीच्या स्टँडचा लांब बोल्ट आत आलेला असतो.

7. क्लॅम्प

क्लॅम्पचा आकडा ट्यूबच्या बाहेरच्या मापाशी जुळला पाहिजे: 28.6, 31.8, 34.9. रंगाचा थर जाड असेल तर क्लॅम्प बसण्याच्या जागेपुरता घासून काढा. क्लॅम्प पूर्ण खाली, ट्यूबच्या ओठाला टेकून बसवा. उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर त्याची फट फ्रेमच्या चिरेसमोर ठेवा. आवळल्यावर क्लॅम्पचे दोन कान एकमेकांना भिडले तर तो मोठा आहे किंवा आतला पोस्ट बारीक आहे. अशा वेळी बोल्ट कितीही फिरवा, तो कानच दाबत राहतो.

क्विक रिलीज (पान्याशिवाय लिव्हरने उघड-बंद होणारा क्लॅम्प) असेल तर लिव्हर अर्ध्यावर आल्यावर विरोध जाणवायला हवा आणि पूर्ण बंद करताना तळहातावर ठसा उमटायला हवा. लिव्हर सहज मिटत असेल तर उघडून पलीकडची चकती थोडी फिरवा. लिव्हर गोल फिरवून आवळणं ही जुनी खोड. तो बोल्ट नाही, तो कॅम आहे: मिटल्यावर दाब देतो.

8. जोडणी

1. धातूचा पोस्ट, धातूची फ्रेम: दोन्हीला ग्रीसचा पातळ हात. «ग्रीस लावलं तर सरकेल» ही भीती काढून टाका. बरोबर मापाचा पोस्ट ग्रीस लावूनही सरकत नाही, आणि ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये कोरडा घातला तर एका पावसाळ्यात कायमचा जाम होतो. कार्बन असेल तर ग्रीस नाही, फक्त पेस्ट. पेस्टमधले बारीक कण पकड वाढवतात, म्हणून कमी टॉर्क पुरतो. फट मात्र त्यांनी भरत नाही.
2. शिम आधी ट्यूबमध्ये, चीर चिरेसमोर. शिमच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे ग्रीस.
3. पोस्ट थोडा फिरवत ठरलेल्या उंचीपर्यंत उतरवा, सीट सरळ करा.
4. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीसचा थेंब. दोन बोल्टचा क्लॅम्प असेल तर अर्धा अर्धा फेरा आलटून पालटून.
5. क्लॅम्पवर छापलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. 5 मिमीच्या बोल्टला तो बहुधा 4 ते 6 न्यूटन मीटर असतो. क्लॅम्प आणि पोस्टवर वेगळे आकडे असतील तर लहान आकडा पाळा.

टॉर्क रेंच नसेल तर एलन कीच्या लांब दांड्यावर बोल्टपासून 10 सेंमीवर खूण करा, तिथे तोलकाट्याचा हुक अडकवा आणि दांड्याशी काटकोनात ओढा. काटा 5 किलो दाखवेल तेव्हा साधारण 4.9 न्यूटन मीटर झाले. हाताच्या अंदाजाने बहुतेक जण याच्या दुप्पट आवळतात, हे एकदा काट्याने करून पाहिलं की लक्षात येतं.

> तपासा. चिरेच्या कडा समांतर आहेत? क्लॅम्पच्या कानांमध्ये फट उरली आहे? सीटचं नाक धरून जोराने पिळल्यावर पोस्ट फिरत नाही? तिन्हींना हो असेल तरच बाहेर पडा.

9. चाचणी

पुन्हा चिकटपट्टी आणि रेघ. सुपर कॉरिडॉरच्या गुळगुळीत रस्त्यावर ही चाचणी होत नाही. तिथे कुठलाही पोस्ट शहाणा वागतो. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या, गतिरोधक, खडी उखडलेला एखादा तुकडा असे चार-पाच किलोमीटर, सीटवर बसूनच काढा. परत आल्यावर रेघ बघा आणि टॉर्क पुन्हा तपासा. नवी शिम पहिल्या फेरीत जागा धरते, त्यामुळे बोल्ट किंचित फिरला तर घाबरू नका. दुसऱ्या फेरीनंतरही फिरला तर टप्पा 3 ला परत जा. मापात चूक आहे.

करकर येत असेल पण काही सरकत नसेल, तर पोस्ट काढून पुसा, ग्रीस लावून परत घाला. तरीही आवाज आला तर सीटच्या सळया आणि वरच्या क्लॅम्पचे बोल्ट तपासा; आवाज पोकळ ट्यूबमधून घुमतो आणि नेहमी खालून आल्यासारखा वाटतो.

पावसाळ्यात, माळव्याच्या काळ्या चिखलातून मागच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट मागच्या चिरेत जातं. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पोस्टची उंची पट्टीने खुणा करून ठेवा, तो बाहेर काढा, सायकल उलटी करून ट्यूबमधलं पाणी ओता, आत-बाहेर पुसून नवं ग्रीस लावा.